पोटाने ढकलायची दांडी

मेपल फोर्क, आयोवा
९ नोव्हेंबर १९०८

ती. ऑरिनदादास,
थर्झाचा सा. न. वि. वि. यातल्या ‘सा.’चा अर्थ आज साष्टांग असा घेऊ नकोस. हात सवयीने लिहून गेला.

काल शेजारच्या ऑल्सेनबाईंनी काकडीच्या लोणच्याच्या दोन बरण्या पाठवल्या. त्या ज्या शेतकी वर्तमानपत्रात गुंडाळल्या होत्या, त्याच्या मागच्या पानावर तुझं नाव छापलं आहे. एक शेंगेसारखी बारीक बाई हसत हसत चादर पिळते आहे आणि खाली लिहिलं आहे, व्हिटलॉक यांचं बिनधोक पिळणयंत्र, बोट अडकलं तरी क्षणात सुटका, पेटंट मिळालेलं. मी ते चुलीपाशी उभी राहून तीनदा वाचलं. दूध उतू गेलं तेही कळलं नाही.

दादा, तुझी दहाही बोटं शाबूत आहेत. बोट अडकलं की काय होतं, हे तुला कुणी सांगितलं? १९०६ च्या ऑक्टोबरात अ‍ॅक्सेलने धुण्याच्या यंत्राला पेट्रोलचं इंजिन जोडून दिलं, बायकोचे कष्ट वाचावेत म्हणून. धुण्याच्या तिसऱ्याच सोमवारी कपडे पिळायच्या त्या दोन रबरी रुळांमध्ये माझा डावा हात मनगटापर्यंत गेला. इंजिन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, नवरा मक्याच्या शेतात. पट्टा आपणहून घसरला म्हणून सुटले. तीन बोटं अजून वळत नाहीत. त्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी फाटकाची खिट्टी आणि बग्गीच्या बैठकीची स्प्रिंग घेऊन ती दांडी बसवली. विचार माझा, लोहारकाम त्याचं. यंत्राने हात ओढला की माणूस पुढे झुकतंच. पोट दांडीवर आपटतं, खिट्टी सुटते आणि वरचा रूळ उडून वर जातो. मोकळा हात लागत नाही, की सुचायला वेळ लागत नाही. मार्च १९०७ मधल्या एका सोमवारी ती पहिल्यांदा चालली. ऑगस्टात अ‍ॅक्सेल विषमज्वराने गेला.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला तू आणि लॉटीवहिनी आलात. टर्की खाऊन झाल्यावर तू हात पुसत पुसत ती दांडी चार वेळा ढकलून पाहिलीस आणि म्हणालास की असं ओबडधोबड बरं दिसत नाही, कारखान्यात नीट ओतून आणतो. मी अख्खा सांगाडा काढून तुझ्या गाडीत ठेवला. त्याला वर्ष झालं. सांगाडा परत आला नाही, पेटंट मात्र आलं.

कागद भरताना माझं नाव लिहायचं राहिलं असं म्हणालास, तर एक दिवस मी ते खरं मानीन. आईला नमस्कार सांग आणि हाताचा मजकूर सोडून हे पत्र तिला वाचून दाखव. लोभ किती ठेवायचा ते तुझं उत्तर आल्यावर ठरवते.

तुझी बहीण,
थर्झा


कार्व्हरटन, आयोवा
१६ नोव्हेंबर १९०८

चि. थर्झास,
अ. उ. आ. पत्र मिळालं. आईला वाचून दाखवण्यासारखं ते नाही, म्हणून दाखवलं नाही. तिची प्रकृती चांगली आहे. खिडकीपाशी बसून दिवसभर गोधडी शिवते आणि लॉटीच्या स्वयंपाकाला नावं ठेवते.

आता तुझ्या तक्रारीविषयी. तुझ्या स्वयंपाकघरात मी जे पाहिलं ती फाटकाची खिट्टी होती, सुतळीने बांधलेली. त्याला शोध म्हणत नाहीत. पिळणयंत्राचा रूळ झटकन सोडवता यावा, हे माझ्या डोक्यात जून १९०७ पासून घोळत होतं. मी त्याचं चित्र काढलं होतं आणि ते माझ्या कारखान्यातल्या हॉब्ज आणि म्यूलर यांनी पाहिलं आहे. साचे मी केले, लोखंड मी ओतलं, वकिलाच्या पायऱ्या मी झिजवल्या. तुझ्या नावाने पेटंट घेतलं असतं तर कुठल्या दुकानदाराने ते यंत्र दुकानात ठेवलं असतं? विधवेने डोकं चालवलं म्हणून लोक कौतुक करतात, विकत घेत नाहीत.

अ‍ॅक्सेल गेल्यापासून तू एकटी आहेस, मनात नाही नाही ते येतं, हे मी समजू शकतो. राग धरत नाही. नव्या यंत्रांपैकी एक तुला भेट म्हणून मालगाडीने पाठवलं आहे. वापर आणि भावाला दुवा दे.

तुझं भलं चिंतणारा,
ऑरिन व्हिटलॉक


मेपल फोर्क
१२ डिसेंबर १९०८

ऑरिनदादास,
नमस्कार.

यंत्र पोहोचलं. दुवा द्यायच्या आधी मी ते उघडून पाहिलं आणि खालीच बसले. दांडी कुठे आहे? समोर आडवी दांडी होती, ती काढून तू उजव्या बाजूला एक मूठ लावली आहेस. मी ऑल्सेनबाईंना बोलावलं. जुन्या हातमोज्यात कोंडा भरून तो रुळात दिला आणि बाईंना सांगितलं की हा तुमचा उजवा हात समजा, आता सोडवा. त्यांचा डावा हात मुठीपर्यंत पोहोचेना. पोहोचला तेव्हा कोंडा जमिनीवर सांडला होता. बाई पांढऱ्याफटक पडल्या आणि म्हणाल्या की ज्याने हे केलं त्याने जन्मात एक रुमालसुद्धा पिळला नसेल. मी म्हटलं, तो माझा भाऊ आहे, आणि नाही पिळलेला.

मूठ ओतायला सोपी पडते हे मलाही कळतं. पण मग तू माझी दांडीसुद्धा चोरली नाहीस. पेटंटाची प्रत मी मागवून पाहिली; त्यात तिचं चित्र देऊन ठेवलंस, म्हणजे दुसऱ्या कुणाला ती करता येऊ नये. आणि बायकांना पाठवलीस ही मूठ. चोराने निदान चोरलेली वस्तू वापरावी.

यंत्र परत पाठवलं आहे. मी डे मॉइनच्या एका वकिलामार्फत वॉशिंग्टनला माझ्या नावाने अर्ज केला आहे. तुझं पेटंट असताना माझा अर्ज गेला, म्हणजे आता पहिला शोध कुणाचा हे पेटंट कचेरी दोघांना विचारणार. मला तेच हवं आहे.

लोभाचं तू पाहा.
थर्झा लिंडग्रेन


कार्व्हरटन
२० मे १९०९

श्रीमती लिंडग्रेन यांस,
स. न. वि. वि.

वॉशिंग्टनहून नोटीस आली. शाब्बास! सख्ख्या भावाला कचेरीत उभं करणारी आपल्या घराण्यातली पहिली व्यक्ती होण्याचा मान आपण मिळवलात. या यंत्रावर माझ्याकडे अकरा माणसं काम करतात. नोटीस आल्यापासून दोन मोठ्या दुकानदारांनी मागणी थांबवली आहे. हॉब्जच्या बायकोने मला चर्चच्या पायरीवर गाठलं आणि तुमची बहीण आमच्या ताटातलं का काढते, असं विचारलं. त्याचं उत्तर मी आपल्यावर सोपवतो.

माझ्या वकिलांनी कायदा समजावून सांगितला. शोध आपण लावला असं आपण स्वतः कितीही वेळा म्हणालात तरी त्याला किंमत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं, आणि माझ्या जूनच्या चित्राच्या आधी पाहिलेलं असावं लागतं. माझे दोन साक्षीदार आहेत. आपला एकच होता आणि तो लुथरन चर्चच्या मागे पुरलेला आहे. ऑल्सेनबाई त्या भागात राहायला आल्या १९०८ मध्ये, हे मी विचारून घेतलं आहे.

शिवाय माझ्या बाजूने आईची साक्ष होणार आहे. १९०७ च्या थँक्सगिव्हिंगच्या आधी असल्या कुठल्या दांडीबद्दल आपल्याकडून तिच्या कानावर काही आलं होतं का, एवढंच तिला विचारायचं आहे. नव्हतं आलं, हे आपल्यालाही ठाऊक आहे. अजून अर्ज मागे घेता येईल.

आपला,
ऑ. व्हिटलॉक


मेपल फोर्क
२ जून १९०९

ऑरिन,
नमस्काराची शाई वाचवते.

अ‍ॅक्सेलच्या थडग्याचा पत्ता मला माहीत आहे, तुझ्याकडून नको होता. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला तू बायबलवर हात ठेवायला लावणार आहेस, स्वतःच्या लेकीविरुद्ध. मी तिला काही लिहिलं नव्हतं हे खरं आहे. का नव्हतं, तेही ऐक. माझा हात चिरडला हेच मी तिला कळू दिलं नव्हतं. तिला धसका बसला असता. ते झाकायचं म्हणून दांडीचंही झाकलं. त्याचा तू आता माझ्याविरुद्ध पुरावा करणार असशील तर कर.

अर्ज मागे घेणार नाही. हरले तर हरले.

थर्झा


कार्व्हरटन
१५ ऑक्टोबर १९०९

थर्झा,
मायने लिहिण्याच्या मनःस्थितीत मी नाही.

काल नोटरीच्या खोलीत तू माझ्यासमोर बसली होतीस, तेव्हा तुझ्या तोंडाकडे मी एकदाही पाहिलं नाही. आता विचारतो. तू आईला पढवलंस का?

माझ्याच वकिलाने तिला विचारलं, माझ्याच सांगण्यावरून, की थँक्सगिव्हिंगच्या आधी तिने ती दांडी पाहिली किंवा तिच्याबद्दल ऐकलं होतं का. तिने टोपीची गाठ सारखी केली आणि म्हणाली की हो, मार्च महिन्यात ती तुझ्या शेतावर आली होती, सोमवार होता, तू तिच्यासमोर दांडी ढकललीस आणि रूळ वर उडाला; तिने स्वतःही ढकलून पाहिली. नोटरीने तारीख पुन्हा विचारली. तिने पुन्हा सांगितली, चर्चमध्ये प्रार्थना म्हणावी तितक्या स्वच्छ आवाजात.

मार्च १९०७! त्या फेब्रुवारीत ती पंपापाशी बर्फावर घसरली होती. घोटा मोडला होता. ईस्टरपर्यंत मी तिला रोज सकाळी या दोन हातांवर जेवणाच्या टेबलापाशी उचलून आणत होतो आणि परत नेत होतो. ती अंगणातही गेली नव्हती, मग चाळीस मैलांवर शेतावर कुठली जाते! हे मला माहीत, लॉटीला माहीत, डॉक्टरांच्या वहीत लिहिलेलं. वकिलाने चिठ्ठी सरकवली, की बाईंचं वय झालं आहे, घोळ झालेला दिसतो, डॉक्टरांना बोलावू का. मी चिठ्ठी खिशात घातली आणि त्याला सांगितलं की आणखी काही विचारायचं नाही.

ते तुझ्यासाठी केलं असा गैरसमज करून घेऊ नकोस. पंचवीस वर्षं ती माझ्या घरात राहते. माझ्यासाठी ती कधी इतकंसं खोटं बोलली नाही. लहानपणी सफरचंदं मी चोरली का असं मालकाने विचारलं, तेव्हा तिने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं होतं.

उत्तर दे.
ऑरिन


मेपल फोर्क
२० ऑक्टोबर १९०९

ऑरिन,
नाही पढवलं. शपथ घेणार होते, पण आपल्या घरात सध्या शपथा फार झाल्या.

तिने मार्च म्हटलं ते खोटं होतं. ती त्या वसंतात इकडे फिरकली नव्हती, हे मला ठाऊक होतं. तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. मला कुणी विचारलं नाही, अशी मी सहा दिवस स्वतःची समजूत घालते आहे. जिन्यावर मी तिचा दंड धरला आणि विचारलं की आई, हे काय केलंस. मार्चमधला सोमवार तिने तुझ्या वकिलाच्याच तोंडून ऐकला होता. ती म्हणाली की ऑरिनने जो प्रश्न विचारला त्याचं खरं उत्तर मला देववत नव्हतं, म्हणून मी दुसऱ्या प्रश्नाचं दिलं. दांडी कुणाची हा तो प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला तुझा हात पाहिल्यावरच कळलं होतं, असंही म्हणाली. म्हणजे तिने हात पाहिला होता. मी हातमोजा काढला नव्हता तरी.

तू गप्प बसलास, मी गप्प बसले. एवढ्या एका गोष्टीत आपण अजून भाऊबहीण आहोत. बाकी कशात नाही. तू तिला त्या खुर्चीवर बसवलं नसतंस तर हे झालंच नसतं.

थर्झा


कार्व्हरटन
२२ नोव्हेंबर १९०९

थर्झा,
आई सहा रविवार चर्चला गेलेली नाही. दर रविवारी काळी टोपी घालते, दारापर्यंत येते, टोपी काढते आणि स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलते, लागोत वा न लागोत. पाद्री विचारपूस करायला आले तर झोपेचं सोंग घेतलं. जेवते चिमणीएवढं. गोधडी तशीच पडली आहे.

काल तिने लॉटीला सांगितलं की ती नोटरीकडे जाऊन आपली साक्ष खोटी होती असं लिहून देणार आहे. मी वकिलाला भेटलो. तो हात चोळत म्हणाला की उत्तमच झालं, बाई फिरल्या की दावा आपलाच. मी विचारलं, तिचं काय होईल? तो म्हणाला की खोटी शपथ हा गुन्हा आहे, वयाकडे पाहून न्यायाधीश दया दाखवतील कदाचित. ‘कदाचित’ म्हणताना तो घड्याळ पाहत होता. माणूस बदलायला हवा.

मला जिंकायचं होतं. अजूनही आहे. पण आईला कोर्टात उभं करून नव्हे. माझं ती ऐकत नाही. मी खोलीत गेलो की उठून जाते. तू येऊन तिला आवर. तुझ्याचसाठी तिने हे केलं, तूच निस्तर.

ऑरिन


मेपल फोर्क
२७ नोव्हेंबर १९०९

ऑरिन,
आवरायला मी येणार नाही. ती खरं बोलायला निघाली आहे, तिला कुठल्या तोंडाने अडवू? खोटं तू मागितलं नव्हतंस, मीही नव्हतं मागितलं. पण खऱ्याला जागाच उरली नाही असा प्रश्न तूच तिच्यापुढे ठेवलास.

माझ्या वकिलांना मी विचारलं, आईचं नाव न घेता. पेटंट कचेरीतल्या परीक्षकांचा निर्णय यायच्या आधी दोघांपैकी एकाने लिहून दिलं, की हा शोध पहिल्यांदा समोरच्याने लावला आणि मी तो त्याच्याकडून घेतला, तर प्रकरण तिथेच मिटतं. मग साक्षी कुणी पाहत नाही. आईने त्या खोलीत काय सांगितलं याला कसलीच किंमत उरत नाही. तिच्या शब्दावर कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही.

हे मी लिहून देऊ शकत नाही, कारण ते खोटं होईल. तू देऊ शकतोस. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात काय झालं, हे तुला आणि मला नीट माहीत आहे. तू लिही, नाहीतर आईला नोटरीकडे तूच हाताला धरून घेऊन जा. तिसरं काही मला सुचत नाही. सुचलं असतं तर तुला एवढी सोपी वाट दाखवली नसती.

आणि हेही आताच सांगून ठेवते. पेटंट माझं झालं तर तुझ्या अकरा माणसांचं काम मी बंद करणार नाही. यंत्र तूच कर. पण समोर आडवी दांडी बसवून. मूठ लावलेलं एकही यंत्र तुझ्या दारातून बाहेर पडलं तर मी परवानगी काढून घेईन.

थर्झा


कार्व्हरटन
३ जानेवारी १९१०

थर्झा,
कागदावर आज सही केली. नोटरी तोच, खोली तीच. वकील चिडून निघून गेला. जाताना म्हणाला की जिंकलेला डाव फेकणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला. नक्कल सोबत आहे. त्यात लिहिलं आहे की पोटाने ढकलायच्या दांडीची कल्पना आणि ती बसवलेलं चालतं यंत्र मी पहिल्यांदा नोव्हेंबर १९०७ मध्ये तुझ्या घरी पाहिलं, आणि माझ्या जूनच्या चित्रात फक्त बाजूची मूठ होती. प्रत्येक शब्द खरा आहे. लिहायला पाच आठवडे लागले, यावरून काय समजायचं ते समज.

एक गोष्ट कागदात नाही, ती इथे लिहितो, एकदाच. त्या दिवशी तू गुंडाळलेला टॉवेल रुळात दिलास, जरा पुढे झुकलीस आणि रूळ टप्पकन वर गेला. तेरा वर्षं मी धुण्याची यंत्रं करतो आहे. किती बायकांचे हात गेले हे पत्रांतून वाचतो आहे. मी मुठी काढत बसलो होतो, आणि माणूस ओढलं गेलं की झुकतं, ही साधी गोष्ट मला दिसली नव्हती. धाकट्या बहिणीला दिसली होती, बटाट्याच्या पोत्याशेजारी उभी राहून. घरी परतताना वाटभर लॉटी काहीबाही बोलत होती आणि मी स्वतःला पटवत होतो की मलाही हे सुचलंच असतं, आज ना उद्या. कार्व्हरटनला पोहोचेपर्यंत ते मला पटलं होतं.

म्हणून तुझ्याविषयी मन साफ झालं असं नाही. तू ज्या भाषेत मला लिहिलंस ती मी विसरणार नाही. दांडी बसवीन. साचे नव्याने करावे लागतील. व्यवहाराची पत्रं तुझ्या वकिलांनी कारखान्याच्या पत्त्यावर पाठवावीत. घरच्या पत्त्यावर आईलाच लिही.

ऑ. व्हिटलॉक


कार्व्हरटन
८ फेब्रुवारी १९१०

चि. थर्झास आईचे अनेक आशीर्वाद.

लॉटी लिहिते आहे, मी सांगते आहे. तिला सांगून ठेवलं आहे की स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही.

ऑरिनने तो कागद मला वाचून दाखवला. मी दोनदा वाचायला लावला. दुसऱ्या वेळीही त्याने पुरा वाचला. मग मी म्हटलं, आता मला नोटरीकडे घेऊन चल. तो म्हणाला की गरज नाही, सगळं मिटलं, तुझी साक्ष कुणी उघडणारसुद्धा नाही. मी म्हटलं, तुमची गरज मिटली, माझी नाही. गेले आणि माझं बोलणं मागे घेतलं. नोटरी भला माणूस आहे. त्याने कागदावर लिहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला की बर्फ फार आहे, जपून उतरा. ऑरिनने मला जिन्यावरून उचलून आणलं. मी नको म्हणत होते.

परवा चर्चमध्ये उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं. पर्मेलिया व्हिटलॉक बायबलवर हात ठेवून खोटं बोलली हे आता गावाला माहीत आहे. हॉब्जची बायको माझ्या बाकावरून उठून मागे जाऊन बसली. बसू दे. मला कुणाच्या शेजाराची हौस नाही. भूक मात्र परत आली आहे. लॉटी मक्याची भाकरी कच्चीच काढते हे पुन्हा कळायला लागलं आहे. हे तिने लिहिलं की नाही ते मी नंतर तपासणार आहे.

नवं यंत्र काल आलं. आडवी दांडी, त्यावर तुझं नाव ओतलेलं, लिंडग्रेन. ऑरिनने ते स्वयंपाकघरात आणून ठेवलं आणि कारखान्यात निघून गेला. मी टॉवेल घालून पाहिला. पोटाने ढकलली. चांगली आहे गं. अशीच असेल असं मला वाटलं होतं.

तुझा हात मी तो चिरडल्यानंतरच्या पहिल्याच नाताळात पाहिला होता. तू हंसाचं मांस कापायला ऑरिनकडे दिलंस, तेव्हा. विचारलं नाही, कारण तुला सांगायचं नव्हतं.

पाद्र्यांच्या पत्नी आज येऊन गेल्या. त्यांनी विचारलं की एवढं सगळं झाल्यावर मुलांचं आता तरी जमलं ना. पूर्वी असतं तर हो म्हणून मोकळी झाले असते. आता ती सोय राहिली नाही. म्हणून नाही म्हटलं.

तुझी,
आई